दहापैकी दहा

"दहापैकी दहा? शक्य नाही," पुण्याहून सर फोनवर म्हणाले. "वय अठ्ठ्याहत्तर आहे ना? काही दिवसांनी परत जा, परत टेस्ट घे."

मी कोकणात, बुरोंडीत अनसूया आजींच्या पडवीत टॅब घेऊन बसले होते. आजी मासळी विकतात. मी फील्ड इन्व्हेस्टिगेटर. म्हणजे संशोधन सर करतात आणि एसटी मी पकडते. जन्मभरात माणूस कसा बदलतो, हा आमचा प्रोजेक्ट. दर दोन वर्षांनी त्याच माणसांना तेच प्रश्न विचारायचे. वयस्कर माणसांना दहा शब्द वाचून दाखवायचे आणि थोड्या वेळाने किती आठवतात ते भरायचं. आकडा दर फेरीला उतरायला हवा. सरांचा पेपर त्या उतरत्या रेषेवर उभा होता, आणि माझं कॉन्ट्रॅक्ट त्या पेपरवर.

मागच्या फेरीत आजींना चार शब्द आठवले होते. आता दहा. शेजारच्या द्वारकाकाकींना दहा. आळीतल्या सगळ्या बायकांना दहा.

दुसऱ्या दिवशी सरांना कारण सापडलं. "मासे. ही माणसं रोज मासे खातात. मोठं फाइंडिंग आहे हे."

"सर, मागच्या फेरीतही मासेच खात होती."

"परिणाम आता दिसतोय."

मी टेस्ट परत घ्यायला बुरोंडीला गेले. यादी उघडून 'नदी' म्हटलं, तर आजी पुढे सुरू झाल्या, "लिंबू, खुर्ची, चावी, ढग..." दहाही शब्द संपवून म्हणाल्या, "फुडचा प्रश्न काय?"

"आजी, मी अजून वाचलेच नाहीत."

त्यांनी माझा टॅब बाजूला सारला. मग म्हणाल्या, "मागं तू प्रशांतला सांगितलंस ना गो, आईला चारच आठवले म्हणून. तवापासून तो मागं लागलाय. धंदा बंद कर, मुंबईला चल. सातवा माळा. मी थंय काय करू?"

मागच्या फेरीला सुट्टीवर आलेल्या मुलाने सहज विचारलं आणि मी चहा पिता पिता सांगून टाकलं होतं. निकाल घरच्यांना सांगायचा नाही, हा आमचा पहिला नियम.

"पण शब्द मिळाले कुठून?"

"माझे चार, द्वारकेचे पाच, उरलेला तिच्या जावेचा. तू गेलीस त्याच दिवशी जुळवले. होड्या येईपर्यंत बंदरावर म्हणत बसतो. सगळ्यांचेच पोरगे मुंबईला हायत."

मी सरांना सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मासे लिहून झालेत माझे."

शेवटी अख्खं गाव डेटातून काढलं. आमच्या भाषेत याला कंटॅमिनेटेड सॅम्पल म्हणतात, म्हणजे माणसं शहाणी झाली. मला मेमो आला. कॉन्ट्रॅक्ट मात्र वाढलं, कारण त्या एसटीने जायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

महिन्याभराने प्रशांतचा फोन आला. "या वेळी आईला किती आठवले?"

"सांगता येत नाही."

"मागे सांगितलंत की."

"ते चुकलं माझं. तुम्ही चार दिवस या आणि सकाळी त्यांच्याबरोबर बंदरावर जा."

तो आला, आणि एकटाच परत गेला. आजी अजून धंद्यावर आहेत.

म्हाताऱ्या माणसाची परीक्षा घ्यायच्या आधी, नापास झाल्यास त्याचं काय जाणार आहे ते विचारून घ्यावं. आमच्या फॉर्ममध्ये तो रकाना नाही.