चिंचेतला ग्रीक देव

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मी इथे आखातातल्या माझ्या ऑफिसात होतो. बायकोनं पूजेच्या तयारीचा फोटो पाठवला. पणत्या, झेंडू, ताम्हन. ताम्हनात चिंचेचा कोळ आणि त्या कोळात, मंडळी, माझा ग्रीक देव!

दोन हजार वर्षांहून जुनं ते ब्राँझचं नाणं म्हणजे माझा जीव की प्राण. टांकसाळीत कुणाची तरी गफलत झाली, आधीचं नाणं वरच्या ठशालाच चिकटून राहिलं आणि पुढचं त्यानंच ठोकलं गेलं. म्हणून एका बाजूला दाढीवाल्या देवाचा उठावदार चेहरा, तर दुसऱ्या बाजूला तोच चेहरा उलटा, आत खचलेला! वर मातीत मुरून चढलेला हिरवा थर. तो गेला की नाण्याची शान गेली.

फोन कुणी उचलेना. नाशिकहून आलेल्या सासूबाईंना घासूनपुसून लख्ख करायचा भारी सोस.

"घरी कुणी आजारी आहे का?" बॉसनं विचारलं.

"फार म्हातारे आहेत ते," म्हणत मी सुटलो.

अल मुंतझाच्या अलीकडचा सिग्नल हिरवा होईना. "यल्ला, यल्ला! चला की लवकर!" मी स्टिअरिंग बडवत होतो. लिफ्टही वर अडकलेली. जिन्यानं धापा टाकत पोचलो.

"आलात, जावईबापू? पार बुरसला होता हो देव! बघा आता."

देव नव्या तांब्यासारखा चमकत होता. मी घाईनं नाणं उलटलं. खचलेला चेहरा अजून हिरवागार!

"त्या खळग्यातलं मेलं निघत नाही. अगं, जुना टूथब्रश दे गं!"

ब्रश आला. आता व्याख्यान देऊन भागणार नव्हतं.

"आई, थांबा! खंडित आहे ते. पूजेत चालायचं नाही."

सासूबाईंनी हात झटकन मागे घेतला. "अगंबाई! मग आधी नाही का सांगायचं? उचला, उचला!"

"पाहुण्यांना तर चमत्कार म्हणून दाखवतोस," बायको कानाशी पुटपुटली.

मी नाणं पुसून शर्टाच्या खिशात टाकलं. स्वतःच्या लाडक्याची अशी बदनामी करताना जीभ जड झाली होती, पण अर्धा देव तरी वाचला होता. पूजेला बसलो, तरी हात सारखा खिशाकडे जात होता.

आरती सुरू झाली. दोन कडव्यांच्या मध्ये सासूबाई माझ्याकडे झुकल्या.

"खंडित देव घरात ठेवू नये हो. उद्या विसर्जन करून टाकू. समुद्र जवळच आहे ना?"

मी टाळ्या सोडून दोन्ही हातांनी खिसा दाबून धरला.