वाकायचं नाही

आईचा खुबा बदलून सहा आठवडे झाले होते आणि ती एका काठीवर घरभर फिरायला लागली होती. अकोल्याच्या आमच्या घरात मी तिच्यावर पहारा देत होते. पलंगाच्या पायांखाली ठोकळे, संडासात उंच सीट, झोपताना दोन पायांमध्ये उशी. पायावर पाय टाकायचा नाही, खाली बसायचं नाही, आणि तीन महिने कमरेतून वाकायचं नाही. पडलेला चमचासुद्धा मी उचलत असे. सांधा छान बसलाय, डॉक्टर म्हणाले होते, आता फक्त तो निखळू देऊ नका.

भेटायला येणाऱ्या बायकांना हे माझं खूळ वाटायचं. "पोरगी तं मायले हालूच देत नाई," एक म्हणायची. दुसरीच्या जावेने म्हणे याच ऑपरेशननंतर महिन्याभरात धुणं धुतलं होतं. मी चहा ठेवून आत निघून जायचे. इंग्रजी शाळेमुळे माझं मराठी पुस्तकी आहे आणि लोक हसतात, हे लहानपणीच कळलं होतं, तेव्हापासून गप्प राहणं सोपं वाटतं. लोक त्याला गर्व म्हणतात. मी कधी खोडून काढलं नाही.

भाद्रपदात आमच्या महालक्ष्म्या अमरावतीला काकांकडे बसतात. आई थोरली सून, तिला जायचंच होतं. मी काकूला फोन करून उंच खुर्ची सांगितली, जेवायला टेबल सांगितलं. तिने बिचारीने दोन्ही केलं. बाबांच्या गाडीची पुढची सीट मागे सरकवून वर उशी टाकली, मूर्तिजापूरला थांबून आईला जरा उभं केलं. सगळ्याचा विचार केला होता. फक्त नमस्काराचा नाही. तो आमच्याकडे इतका अंगवळणी पडलाय की त्यात माणूस वाकतं, हेच माझ्या डोक्यात आलं नाही.

दारात मोठी आत्या उभी होती, बाबांची थोरली बहीण. सुनेने आधी तिच्या पाया पडायचं, मग आत जायचं.

"आली का वं? चांगली तं दिसून राहिली," आत्या म्हणाली. "मंग हे काठी काहाले? लोकायले दाखवाले?"

ओसरीवरच्या बायका हसल्या. आईही हसली. आत्याने पदर सावरला आणि पाय जुळवून उभी राहिली. तेव्हा मला कळलं. "आई, नको" एवढंच म्हणायचं होतं. पण दहा-बारा बायका बघत होत्या, आणि आत्यासमोर आईला अडवणारी मुलगी मला होता आलं नाही. आईने काठी माझ्यापुढे धरली. मी ती घेतली.

ती वाकली, आत्याच्या पायाला तिचे हात लागले, आणि ती तशीच कुशीवर कोसळली. तिचा पाय आत वळला होता, आखूड दिसत होता.

अमरावतीच्याच दवाखान्यात भूल देऊन सांधा जागेवर बसवला. तीन महिने पुन्हा पहिल्यापासून. आत्या सफरचंदं घेऊन भेटायला आली. "डाक्टरनं बराबर बसवलंच नसन," ती म्हणाली. "नाई तं पाया पडल्यानं का कोनाचं हाड सरकते?" आईने पडल्या पडल्या मान डोलावली. "पोरीनं मात्र लय केलं वं तुह्यं," आत्या पुढे म्हणाली. त्यावरही आईने मान डोलावली. मी सफरचंद चिरत होते.

थंडी संपता संपता आई काठीशिवाय चालायला लागली. डॉक्टरांनी पाठ थोपटली, पण एकदा निखळलेला सांधा आहे, वाकणं विसराच, असंही सांगितलं. त्याच आठवड्यात आत्या अकोल्याला आली. निघताना ती उठली आणि आई तिच्याकडे सरकली. मी मधे जाऊन उभी राहिले.

"आई वाकणार नाही, आत्या."

आवाज नको तेवढा मोठा निघाला.

"मी म्हटलं का तिले, पाया पड म्हनून?" आत्या म्हणाली. "लय बोलाले लागली वं."

"हो, लागले."

आत्याने चप्पल घातली आणि मागे न बघता गेली. दार लावून आई वळली. खुबा निखळला तेव्हाही तिचा चेहरा असा झाला नव्हता.

"मोठ्या मानसाले असं बोलतेत? माह्या घरात?"

"तू पडली असतीस."

"पडली असती तं पडली असती."

ती स्वयंपाकघरात गेली आणि एकटीपुरता चहा मांडला. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ओले कपडे खांद्यावर टाकून ती एकटीच गच्चीचा जिना चढली. कठडा धरून, आधी चांगला पाय, मग दुसरा, व्यायामात शिकवलं होतं अगदी तसं. कुठेही लंगडत नव्हती. हाक मारली तर ऐकू येईल इतक्या अंतरावर मी खाली उभी होते. तिने मारली नाही.