आमेन न आलेला रविवार

मामाला समोरच्या जुन्या चर्चने फोडलं, ही बातमी रविवारी दुपारच्या जेवणाआधीच अख्ख्या मंडळीत फिरून आली. समोरच्यांचं म्हणणं असं, की येशूने पाठवलेले प्रेषित बारा होते, ते गेले, विषय संपला. आमच्या मंडळीचं म्हणणं, देव आजही प्रेषित पाठवतो, आणि त्यातला एक आमच्याच हॉलमध्ये दर रविवारी साडेदहाला उभा राहतो. तेव्हा ऐन उपदेशात या प्रेषितांचा आवाज गेला, म्हणजे साउंडवर बसणाऱ्या मामाने तो समोरच्यांच्या सांगण्यावरून बंद केला, हे उघडच होतं. मामा नुसत्या चहावर फुटला, अशी पुरवणीही कुणीतरी जोडली.

खरं तर मामाने माईक बंद केलाच नव्हता. त्याने तो चालू केला नव्हता.

मामा आठवडाभर लोकांचे पंखे, मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करतो आणि रविवारी आठ वाजता हॉलमध्ये वायरी अंथरतो. एकोणीस वर्षं झाली. सुरुवातीला प्रेषित हे साधे पाळक होते, त्याआधी विमा विकायचे. मंडळीचा पहिला स्पीकर या दोघांनीच सायकलच्या कॅरिअरला बांधून आणला, एकाने ढकलत, एकाने धरत. मग सहा वर्षांपूर्वी परदेशातून एक मोठे प्रेषित आले. त्यांनी पाळकांच्या डोक्यावर हात ठेवले, पाळक धाडकन मागे पडले आणि उठले ते प्रेषित होऊनच. तेव्हापासून प्रत्येक शब्द तीनदा. "अग्नी! अग्नी! अग्नी!"

"एकदा म्हटलं तरी पेटेल की," मामी पुटपुटायची.

मामा हसायचा नाही. मामीच्या ऑपरेशनच्या वेळी हाच माणूस चार दिवस दवाखान्याच्या जिन्यात बसून होता. देवाने पाठवल्याशिवाय तिथे कोण बसतं? मामाचा प्रेषितांवरचा विश्वास एवढ्यावर उभा होता, आणि तेवढं त्याला पुरत होतं.

कामाची एक ठरलेली रीत होती. गाणी चालू असताना प्रेषित मागच्या खोलीत एकटे प्रार्थना करायचे. कॉलरला माईक लावलेला, पण तो आवाज हॉलमध्ये जायचा नाही, फक्त मामाच्या हेडफोनमध्ये यायचा. तिथे "आमेन" ऐकू आलं, की मामा खटका वर सरकवणार आणि प्रेषित मंचावर येणार.

त्या रविवारी हेडफोनमध्ये बराच वेळ नुसता श्वास येत होता. मग जुन्या, विमावाल्या आवाजात प्रेषित म्हणाले, "प्रभू, सहा वर्षं झाली. तू काही बोलत नाहीस. मी आपला तुझं नाव लावून बोलत सुटलोय. दमलो रे." आणि दार उघडल्याचा आवाज आला. आमेन नाहीच.

प्रेषित मंचावर उभे राहिले. हात वर, ओठ हलताहेत, हॉल चिडीचूप. मामाचं बोट खटक्यावर तसंच. त्याच्या लेखी प्रार्थना अजून संपलेली नव्हती. प्रार्थना चालू असताना माणसाला दोनशे लोकांसमोर उघडं कसं करायचं? दोन मिनिटं गेली. प्रेषितांनी हात खाली घेतले आणि ते खुर्चीत बसले. सुटल्यासारखे.

उपासना संपल्यावर मामाला ऑफिसात बोलावलं.

"मला कुणाचं मन दुखवायचं नाही," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. त्यांनी अशी सुरुवात केली की समोरच्याने समजून जायचं. "पण कारण सांगा, नाहीतर हेडफोन ठेवा."

प्रेषित तिथेच होते. खिडकीबाहेर बघत होते.

"चूक झाली," मामा म्हणाला.

"कसली चूक?"

"माझी."

"अहो, पण म्हणजे काय?"

मामाने हेडफोन टेबलावर ठेवला. तो सेक्रेटरीबाईंच्या जावयाला मिळाला. जावयाने पहिल्याच रविवारी स्पीकरमधून अशी शिटी काढली, की पुढच्या रांगेतल्या आजी कुकर बघायला उठल्या.

मामा शेवटच्या खुर्चीवर बसू लागला. हातांचं काय करायचं, त्याला कळेना. कधी खिशात, कधी मांडीखाली. घरी मामी चिडायची, "अहो, निदान मला तरी सांगा काय झालं! लोक तोंडावर विचारतात."

"आमेन आलं नाही, एवढंच."

"आणि ते का आलं नाही?"

"ते ज्याचं आहे, तो सांगेल."

तेव्हा मी मध्ये तोंड घातलं. प्रेषित कशाला सांगतील? प्रेषित कधी चुकतात का! आणि प्रेषितांच्याच आवाजात ठणकावलं, "कदापि! कदापि! कदापि!"

"सांगतील. लाव पैज," मामा डोळे मिटूनच म्हणाला. "हरलीस तर वर्षभर त्यांची नक्कल बंद."

"आणि तू हरलास तर?"

"मग मला काय उरलं, अगं?"

तीन रविवार कोरडे गेले. चौथ्या रविवारी सूचना वाचून झाल्या, लोक चहासाठी उठले, खुर्च्या सरकू लागल्या, आणि प्रेषित पुन्हा माईकपाशी आले. शब्द तीनदा नाही, एकदाच. त्या दिवशी आत काय म्हणाले, ते सगळं सांगितलं. मामाने ते झाकलं, हेही. "मला आता प्रेषित म्हणू नका. निदान सध्या तरी." जावयाच्या शिटीत अर्ध्या लोकांना ते ऐकूच गेलं नाही. मामा उठला, साउंडच्या टेबलापाशी गेला, शिटी बंद केली.

आनंद वगैरे काही दिसला नाही त्याच्या तोंडावर. परत येऊन मामीला म्हणाला, "त्यांना घरी सोडून येतो. फार दमलेत."

मग माझ्याकडे बघून एक बोट ओठांवर ठेवलं. नक्कल बंद होऊन आता चार महिने झाले, अजून आठ बाकी आहेत.