गुरुमूर्तींची खार

हनुमंतराव तमिळ मुलखात, कुंभकोणच्या एका शाळेत चित्रकला शिकवीत. रशियाने आकाशात नकली चंद्र सोडला तेव्हापासून त्यांना आणि त्यांच्या लेकीला, विशालाक्षीला, रॉकेटं करायचं वेड लागलं होतं. खळ लावलेला जाड कागद काठीवर गुंडाळून नळकांडं करायचं, त्याला कामट्यांचे नि कागदाचे पंख लावायचे, आतषबाजीवाल्याकडची दारू अण्णांनी, म्हणजे हनुमंतरावांनी, भरायची आणि रॉकेट हळू उतरावं म्हणून जुन्या लुगड्याच्या तुकड्याची छत्री विशालाक्षीने शिवायची. उन्हाळ्यात कावेरी आटली की रविवारी सकाळी बापलेक वाळूत उतरत. छत्री उघडली की चौदा वर्षांची पोर परकर सावरत तिच्यामागे धावत सुटे.

ही गोष्ट भातगिरणीचे मालक गुरुमूर्ति यांच्या कानावर गेली. तमिळ वर्षाच्या पहिल्या दिवशी ते सगळं गाव घेऊन वाळूत आले. त्यांच्या गड्याच्या हातात पाय बांधलेली एक खार होती.

"रशियाने कुत्री धाडली," गुरुमूर्ति तमिळमध्ये गरजले, "आपलं कुंभकोण खार धाडील!"

लोक हसले. विशालाक्षीने अण्णांकडे पाहिलं. आता ते नाही म्हणतील, याबद्दल तिला तिळभर शंका नव्हती. पण अण्णाही हसत होते. मोठ्या माणसासमोर नोकर हसतो तसं, दात दाखवून.

"अण्णा, नको," ती घरच्या मराठीत म्हणाली.

"अगो, एवढी मंडळी जमलीत. एक खारच तर आहे!"

त्यांनी छत्री उपसून काढली आणि त्या जागी खार कोंबली. भ्यालेल्या जनावराने त्यांच्या बोटांवर मुतलं. अण्णांनी बोटं धोतराला पुसली आणि पुन्हा हसले.

रॉकेट ताडाएवढं चढलं, कलंडलं आणि धूर ओकत वाळूत रुतलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. गुरुमूर्तींनी अण्णांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. विशालाक्षी एकटीच रॉकेटाकडे गेली. आतून जळक्या केसांचा वास येत होता. तिथेच बसून ती भडाभडा ओकली. मग तिने हाताने खड्डा करून नळकांडं तसंच पुरलं.

त्या दिवशी तिने अण्णांनी वाढलेला सांबारभात पानात तसाच ठेवला. अण्णा समोर बसले, पण त्यांच्याच्याने घास उचलवेना.

"चुकलं गो माझं," ते म्हणाले.

"तुम्ही हसलात," ती म्हणाली. "खार मेली त्याहून मला त्या हसण्याचीच किळस येते."

अण्णांनी दोन्ही पानं उचलली.

पावसाळा गेला, थंडी गेली. पुढच्या उन्हाळ्यात विशालाक्षीने एकटीने रॉकेट केलं आणि कोणाला न सांगता कावेरीत उतरली. अण्णा लांबून मागोमाग आले.

"मी धरू?"

"नको. तिथेच उभे राहा."

रॉकेट सरळ चढलं, पण वाऱ्याने छत्री पैलतीराकडे नेली. अण्णा म्हातारपणाकडे झुकलेले, तरी धोतर खोचून धावले आणि धापा टाकत रॉकेट घेऊन आले. तिने ते त्यांच्या हातून घेतलं नाही. "वाळूवर ठेवा," म्हणाली. त्यांनी ठेवलं. मग तिने वाकून उचललं, फाटलेला पंख पाहिला आणि विचारलं, "खळ आहे का घरी?"

"आहे," अण्णा म्हणाले.