स्प्रिंग तुटली, तरी दार पडलं नाही

आधीच कबूल करतो, या ग्रुपवरचे चमत्कारांचे अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक. गॅरेजची दारं दुरुस्त करणं हे माझं काम. दार अडलं तर कुठेतरी गंज असतो, पडलं तर काहीतरी तुटलेलं असतं. तिसरं कारण चौदा वर्षांत पाहिलं नव्हतं...

मी मूळचा गुहागरकडचा. राहतो दुबईत मुहैस्नाहला, कंपनीच्या रूमवर. गेल्या मार्चमध्ये सकाळी दहाच्या सुमारास शारजात एका जुन्या व्हिलावर सर्व्हिसिंगला गेलो होतो. मालक अबू सालेम, सत्तरीचे, काठी टेकत चालणारे.

"दरवाजा बहुत चिल्लाता है," ते म्हणाले.

दार दोन गाड्यांचं, सहज दोनशे किलोचं. ते वजन पेलते वरच्या दांड्यावरची जाड स्प्रिंग. मी दार मोटरपासून सोडवलं, ट्रॅक कोरड्या फडक्याने पुसले. ट्रॅकला ग्रीस लावायचं नसतं, वाळू धरते — हे सांगून सांगून दमलो, तरी लोक लावतातच. रोलर, बिजागऱ्या, बेअरिंग सगळ्यांना ग्रीस दिलं. स्प्रिंगवरही हात फिरवून पाहिला, भेग दिसली नाही. दार दोन बोटांनी वर जायला लागलं. आपलीच पाठ थोपटावी असं काम! शेवटी बॅलन्स बघायला ते कमरेइतकं उचलून सोडलं. थांबलं. बरोबर.

तेवढ्यात अबू सालेमची चार वर्षांची नात, शम्मा, मांजरामागे धावत आली आणि नेमकी दाराखाली जाऊन बसली. मी "बेबी, नो!" म्हणेपर्यंत वर धाडकन आवाज झाला, बंदुकीचा बार काढावा तसा. स्प्रिंग तुटली होती.

त्या आवाजानंतर दार किती वेळात खाली येतं, ते मला पक्कं ठाऊक आहे. मी डोळे मिटले.

उघडले, तर दार होतं तिथंच होतं.

"यल्ला, शम्मा! यल्ला!" चल, नीघ म्हणून म्हातारे ओरडत होते. पोर कानांवर हात ठेवून रडत होती, हलेना. मग मी पोटावर आडवा झालो आणि खाली घुसलो. डोक्यावर दाराची कड दिसत होती. तिला फ्रॉकला धरून ओढली, बाहेर आलो, माझा पाय निघाला — आणि दार कोसळलं. खालची फरशी तडकली.

गॅरेजच्या कॅमेऱ्यात सगळं आलंय. एकोणीस सेकंद दार तसंच अधांतरी.

ऑफिसमधल्या इंजिनिअरने व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. "रोलर जाम झाला असेल."

"सर, मी ग्रीस दिल्यावर?" मी म्हटलं.

पण खरं पुढेच आहे. त्याच दुपारी नवीन स्प्रिंग बसवताना दांड्याचा ब्रॅकेट पुसला, तर काजळीखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं 'श्री' निघालं. माझे वडील, आप्पा, सव्वीस वर्षं शारजात दारं बसवायचे. प्रत्येक दाराच्या ब्रॅकेटवर लोखंडी पंच ठोकून 'श्री' काढायची त्यांची सवय. मी अबू सालेमना दाखवलं, हे माझ्या वडिलांचं काम म्हणून सांगितलं.

"तुम्हारा बाप? वो पतला आदमी? चाय में चार चम्मच शक्कर?"

"वही, बाबा."

त्यांनी काठी उंचावून ब्रॅकेटला टेकवली. "सब बदलो," म्हणाले, "ये नहीं बदलना."

शिडीवर उभ्या उभ्या माझी छाती इतकी फुगली होती, काय सांगू! तिथूनच गावी फोन लावला. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"पोरगी बरी आहे ना?"

"बरी आहे. पण आप्पा, दार थांबलं कसं?"

"मला काय ठाऊक? बसवताना मी तसलं काही घातलं नव्हतं त्यात." उभ्या आयुष्यात त्यांनी माझं कधी कौतुक केलं नव्हतं. "आणि तू खाली गेलास?"

"गेलो."

"दार वर असताना?"

"हो."

"...हां. माझ्याच्यानं नसतं झालं रे ते."

व्हिडिओ माझ्या मोबाइलमध्ये आहे. या धंद्यातल्या कितीतरी जणांना दाखवला. कुणाकडे उत्तर असेल तर जरूर सांगा.