बाईंचं जर्मन

बाई रागावल्या की आधी चष्मा काढून पर्समध्ये ठेवायच्या. सदाशिव पेठेतल्या आमच्या जर्मनच्या क्लासमध्ये तो चष्मा बहुतेक वेळ पर्समध्येच असायचा. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, म्हणून आम्ही सगळे, अगदी शिकवणारी मुलगीसुद्धा, त्यांना बाईच म्हणायचो. कुणी लाडानं ‘आज्जी’ म्हटलं, की "का? तुमच्या घरी नाही का एखादी?" असं ऐकून घ्यावं लागायचं.

जर्मन त्यांना सगळं समजायचं. ऑडिओ लावला की आम्ही एकमेकांची तोंडं बघायचो आणि बाई भराभर उत्तरं लिहून मोकळ्या व्हायच्या. बोलायला उभ्या राहिल्या की मात्र वाक्य घशातच अडकायचं. "चुकलं तरी चालेल, बाई," शिकवणारी म्हणायची.

"तुम्हाला चालत असेल. मला नाही चालत."

हा सगळा खटाटोप नातीसाठी होता. मुलगा जर्मनीत, सून तिकडचीच, नातीला मराठीचा गंध नाही. व्हिडिओ कॉलवर पोर बडबडायची आणि बाई नुसत्या हसायच्या. तिच्याशी चार वाक्यं बोलता यावीत, एवढंच त्यांना हवं होतं. क्लासचं त्यांनी मुलाला सांगितलं नव्हतं.

मुलगा बायकोमुलीला घेऊन सुट्टीला बाईंच्या वारज्याच्या फ्लॅटवर आला, तेव्हा बाईंनी मलाही जेवायला बोलावलं. आणि हे चिरंजीव आईच्या हातची अळूची भाजी ओरपत बायकोशी जर्मनमध्ये बोलायला लागले. मला अर्धंच कळलं, तेवढंही पुरे होतं. फ्लॅट विकायचा. आईला कात्रजच्या पुढे एका वृद्धाश्रमात ठेवायचं. ती काही बोलणार नाही. माझं डोकंच फिरलं. अरे, समोर बसली आहे ती!

बाईंनी चष्मा काढला. सुनेकडे वळल्या. जर्मनमध्ये "मी... मी..." एवढंच निघालं. तर हा गाढव टाळ्या पिटतोय!

"अरे वा, आई! परत म्हण ना, व्हिडिओ काढतो."

"काढ," बाई मराठीत म्हणाल्या. "घर माझं आहे. मी इथंच राहणार आणि इथंच मरणार. आता हे तुझ्या बायकोला जर्मनमध्ये सांग. एक शब्द गाळलास तर मला कळेल."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. चाचरत त्यानं काहीतरी सांगितलं.

"‘मरणार’ राहिलं," बाई म्हणाल्या. "पुन्हा सांग."

क्लासमध्ये सगळे म्हणाले, बाई जिंकल्या. डोंबलाचं जिंकणं! तो ठरलेल्या दिवसाआधीच बायकोमुलीला घेऊन निघून गेला आणि नंतर नातीला फोनवर आणेनासा झाला. कधी ती झोपलेली, कधी खेळायला गेलेली. मला अजून संताप येतो. जी भाषा नातीला ‘जेवलीस का’ विचारायला शिकल्या, तिच्यात त्यांना काय ऐकावं लागलं!

पुढे नोकरीमुळे मी क्लास सोडला. शेवटच्या दिवशी बाई पहिल्या बाकावर बसून शिकवणारीला दरडावत होत्या, "ऐकण्याचं पुरे झालं. पोरगी मोठी होईल, तिचा फोन ती उचलेल. त्याच्या आत मला बोलायला शिकवा."