बाईंचं ‘व्हय म्हाराजा’

आमच्या लालबागच्या घरात गाऱ्हाण्याशिवाय पान हलत नसे. नवा फ्रिज आला की गाऱ्हाणं, कुणाची बारावीची परीक्षा आली की गाऱ्हाणं. घरातल्या थोरल्या पुरुषाने हातात नारळ घेऊन देवापुढे उभं राहायचं, देवाला शेजाऱ्याला मारावी तशी हाक मारायची, काय हवंय ते मोठ्या आवाजात सांगायचं आणि प्रत्येक मागणीनंतर जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. पुटपुटलेलं चालत नाही. जो ‘व्हय’ म्हणाला तो त्या बोलण्याला बांधला गेला, हे आम्हाला कुणी बसवून शिकवलं नव्हतं. लग्न होऊन मी फणसवाडीत आले. तिथल्या पहिल्याच पूजेत मी सवयीने असं दणदणीत ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले की गुरुजींच्या हातातली पळी निसटली. सासूबाई अजूनही ही गोष्ट पाहुण्यांना रंगवून सांगतात.

हे आधी सांगायचं कारण असं की ज्या एका बाईंवरचा माझा राग आजही उतरलेला नाही, त्यांनीही एकदा आमच्या माणसांत उभं राहून ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं होतं.

त्या माझ्या कॉलेजातल्या बाई. समाजकार्य शिकवायच्या. दादरला राहायच्या, कडक इस्त्रीच्या सुती साड्या नेसायच्या आणि इतकं नेटकं बोलायच्या की त्यांच्यासमोर आपलंही मराठी आपोआप सरळ व्हायचं. मी त्यांची लाडकी होते. निवृत्त झाल्यावर त्या एका प्रकल्पात मोठ्या पदावर गेल्या. समुद्र वर चढतोय म्हणून किनाऱ्यावरच्या वस्त्या सुरक्षित जागी हलवायच्या, असं ते काम. बाईंनी मला बोलावून घेतलं. वस्तीत जायचं, लोकांचं ऐकायचं, शंका फेडायच्या आणि त्यांचं म्हणणं वर पोचवायचं, एवढं माझ्याकडे.

“तू त्यांच्यातली आहेस. तुझं ते ऐकतील,” बाई म्हणाल्या होत्या. मला तेव्हा त्यात नुसतं कौतुक ऐकू आलं.

वस्ती वरळीची. दर्याला चिकटून कोकणातून आलेल्यांच्या घरांची एक लांबट ओळ. त्या ओळीत माझी सख्खी मावशी राहायची. तिचा नवरा लोअर परळच्या मिलमध्ये होता. मिल बंद पडली, पुढे तोही गेला, आणि मावशीने टोपली डोक्यावर घेतली. सकाळी होड्या लागल्या की मासळी घ्यायची आणि परळच्या चाळींत दारोदार विकायची. तिची गिऱ्हाइकं ठरलेली, त्यांची भांडणंही ठरलेली. बांगडा ताजा नाही असं कुणी म्हणालं तर मावशी पुढचा आठवडाभर त्या दारावरून मान वळवून जायची.

वस्ती हलवायला हवी, यात खोटं काही नव्हतं. उधाणाच्या भरतीला घरात पाणी यायचं आणि दरवर्षी जरा जास्तच यायचं. “दर्या पुढल्या दारातसून येणा नाय गो, मोरीतसून येता,” मावशी सांगायची. मोरीच्या भोकावर ती मसाल्याचा पाटा दाबून ठेवायची. खाट विटांवर चढली होती, गॅसचं सिलिंडर फळीवर चढलं होतं. मावशी रडणारी बाई नव्हे. उठावं लागणार हे तिने माझ्या आधीच ओळखलं होतं. तिचं म्हणणं एकच होतं, की अख्खी ओळ एकत्र उठावी आणि इतक्या जवळ बसावी की होड्यांवरून घेतलेली मासळी उन्हं चढायच्या आत परळात पोचेल.

“ह्या टोपलीवर माझा घर चालता,” ती म्हणाली. “टोपली गेली की मिया कोणाच्या दारात बसू?”

मी हे जसंच्या तसं बाईंना सांगितलं. बाई स्वतः वस्तीत आल्या. खुर्ची पुढे केली तर ती बाजूला सारून चटईवर बसल्या. काळ्या वाटाण्याची उसळ दोनदा मागून घेतली. बायकांच्या हातात रांगोळी देऊन म्हणाल्या, तुम्हाला हवं तसं घर काढा. बायकांनी अंगणभर घरं काढली. कुणाच्या शेजारी कोण, नळ कुठे, देव कुठे, सगळं. मावशीने जवळा सुकवायला एक मोठी गच्ची काढली आणि शेजारणीच्या घराची रेघ पायाने पुसून ती आणखी वाढवली. त्यावरून जी जुंपली ती बघून बाई इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागल्या. वस्ती बाईंवर भाळली. मी तर आधीचीच भाळलेली.

काही मालवणी शब्द बाईंना अडायचे. मग त्या माझ्याकडे झुकून विचारायच्या, “काय म्हणाले गं?” आणि मी कानात अर्थ सांगायचे. ती आमची सवयच होऊन गेली.

मग जागा दाखवायला नेलं. लोअर परळचा एका बंद मिलचा मोकळा प्लॉट. मावशीच्या नवऱ्याची मिल ती नव्हे, पण त्याच्या मिलची चिमणी तिथून दिसत होती. सगळे बसने आले, मावशी चालत आली. डोक्यावर टोपली घेऊन, टोपलीत बर्फ घालून. पोचल्यावर तिने टोपली उतरवली, बर्फात हात घातला, गार हात माझ्या गालाला लावला आणि म्हणाली, “ऱ्हवता.” बर्फ टिकतो, म्हणजे जागा पसंत.

शेवटची सभा वस्तीतच, ओळीपुढच्या अंगणात होती; तिथे सगळ्यांनी संमती द्यायची होती. सभा सुरू होण्याआधी वस्तीतले सगळ्यात वयस्क काका उठले. जुने मिल कामगार. वस्तीत गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. बाईंनी मला हळूच विचारलं, मीही म्हणायचं का? मला कोण आनंद झाला. ‘होय महाराज’ नाही बाई, ‘व्हय म्हाराजा’, असं मी त्यांच्याकडून दोनदा घोकून घेतलं.

काकांनी नारळ धरला. “बा देवा म्हाराजा, दर्याचा पाणी घरात येता हा. हयसून उठूचाच लागला तर तुझ्या लेकरांका एकत्र उठव, एकत्र बसव, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“दर्या डोळ्याआड करू नको. आणि जो कोण ह्यो शब्द मोडीत, तेका तू बघून घे, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

त्या गजरात बाईंचा आवाज मला वेगळा ऐकू येत होता. हात जोडलेले, डोळे मिटलेले. फोटो काढणाऱ्याने नेमका तोच क्षण टिपला.

सह्या झाल्यावर मी मावशीला म्हणाले, परळच्याच जागेचं आणि सगळ्यांना एकत्र ठेवण्याचं लेखी मागून घेऊया. हा माझा शहाणपणा नव्हता, बाईंनीच कधीतरी वर्गात शिकवलेलं होतं. मावशी माझ्यावर भडकली. “देवासमोर बाई व्हय म्हणाली मां? आता कागद मागून तिची लाज काढतलंस?” काकांनी तर माझ्याशी बोलणंच टाकलं. दुसऱ्या कुठल्याही वस्तीने आधी कागद मागितला असता. आमच्या माणसांना मात्र ‘व्हय म्हाराजा’नंतर कागद मागणं म्हणजे पंगतीत जेवून उठताना वाढणाऱ्याचे हात तपासल्यासारखं वाटलं. मीही गप्प बसले, कारण आतून मलाही ते पटलं होतं. बाईंच्या ‘व्हय’वर माझा त्यांच्या सहीपेक्षा जास्त भरवसा होता.

पुढे बरेच दिवस काही हललं नाही. मग एकदम वस्तीत निरोप आला. घरं तयार आहेत, परळला नाहीत, खाडीपलीकडे आहेत, आणि एका ठिकाणी नाहीत, तीन ठिकाणी आहेत. ओळीतली घरं चिठ्ठ्या काढून वाटली गेली. मावशी एकीकडे, काका दुसरीकडे. जिच्याशी मावशी गच्चीवरून भांडली होती ती शेजारीण तिसरीकडे.

मी तडक दादर गाठलं. काहीतरी घोळ झालाय आणि बाई तो निस्तरतील, याची मला इतकी खात्री होती की वाटेत मी त्यांच्या आवडीची सुरळीच्या वड्यांची पुडीही घेतली. त्या पुडीची मला आजही चीड येते.

बाईंनी कॉफी केली. माझं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, “अगं, तो परळचा प्लॉट सभेच्या आधीच हातचा गेला होता.”

मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं समजतेय. “म्हणजे त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं?”

“हो. पण तेव्हा सांगितलं असतं तर कुणी तयार झालं असतं का? आणि तयार नसते झाले तर पाण्यात बुडाले असते. कधीकधी माणसांच्या भल्यासाठी आपल्याला थोडं पुढचं बघावं लागतं.”

“बाई, तुम्ही गाऱ्हाण्याला उभ्या होतात. तुम्ही ‘व्हय म्हाराजा’ म्हणालात.”

त्या हसल्या. कुजकट नाही, मायेनेच हसल्या, आणि तेच मला जास्त लागलं. “अगं, सगळे म्हणत होते, मी एकटी गप्प कशी उभी राहणार? आणि किती गोड पद्धत आहे गं ती तुमच्यातली!”

तुमच्यातली. इतकी वर्षं त्यांच्या पुढ्यात बसून शिकले, त्यांच्यासारखी साडी नेसायला लागले, त्यांच्यासारखं बोलायला लागले, आणि एवढ्या एका शब्दात त्यांनी मला उंबऱ्याबाहेर ठेवलं. मला रडू यायला हवं होतं, पण नुसता संताप आला. फसवायचं तर प्रकल्पाच्या नावाने फसवायचं होतं, साहेबांच्या नावाने फसवायचं होतं. आमच्या देवापुढे हात जोडून कशाला फसवलंत? आणि ते शब्द माझ्याकडूनच शिकून घेऊन? हे सगळं मनातल्या मनातच. कॉफी संपवून मी उठले आणि जिना उतरले.

मावशीला सगळं सांगितलं. ती कोळंबी सोलत होती. हात न थांबवता तिने विचारलं, “तुका ठावक होता?”

“नाही गं.”

तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि पुन्हा कोळंबी सोलायला लागली. तिचा माझ्यावर विश्वास बसला. वस्तीचा बसला नाही, आणि मी तरी कुठल्या तोंडाने बसवणार होते? ज्या घरांत मी चहा नको नको म्हणत असे, तिथे आता कुणी पाणीही विचारेना. मी नोकरी सोडली. बोलणं टाकलेल्या काकांनीच एक दिवस मला बरोबर घेतलं. प्रकल्पाच्या कचेरीचे जिने चढलो, तर तिथे आम्हाला आमच्याच सभेचा मोठा फोटो भिंतीवर लावलेला दिसला. पुढच्या रांगेत मावशी आणि बाई, दोघींचे हात जोडलेले. खाली लिहिलं होतं, ‘लोकसहभागातून स्थलांतर’. काकांनी ती ओळ अक्षर लावून वाचली. मग म्हणाले, “चल घराक.”

त्यानंतरच्या उधाणाला पाणी मावशीच्या खाटेला लागलं, आणि तिने नव्या घराची चावी घेतली.

निघायच्या दिवशी ओळीपुढे टेम्पो उभे होते. मावशीचं सामान चढलं. पाटा चढला. टोपली तिने स्वतःजवळ ठेवली होती, रिकामी. इतक्यात बाई आल्या, बरोबर कॅमेरावाला. प्रकल्पाची फिल्म करत होते. त्या सगळ्यांना हसून भेटल्या, मावशीच्या खांद्यावर हात ठेवला. मावशीने खांदा काढून घेतला नाही, मान वर करून बघितलंही नाही. मग बाई काकांना म्हणाल्या, “काका, निघताना ते तुमचं गाऱ्हाणं होऊन जाऊ दे ना. फार सुंदर वाटतं.”

मला वाटलं, काका आता त्यांना चार शब्द सुनावणार. पण काकांनी एका घरातून नारळ मागवला, टोपी सारखी केली आणि दर्याकडे तोंड करून उभे राहिले. आम्ही सगळे त्यांच्या मागे. बाई पुढे, कॅमेऱ्यात येतील अशा.

“बा देवा म्हाराजा,” काकांचा आवाज जरासुद्धा कापला नाही. “ह्याच जाग्यार, तुका साक्षी ठेवन, एकत्र उठवची नि एकत्र बसवची भाषा झाली. आज तीन वाटांनी तीन गाडये चललेत. ज्यान तुझ्यासमोर व्हय म्हटल्यान आणि शब्द मोडल्यान, तेका तू ओळख, आणि तेचो न्याय तूच कर, रे म्हाराजा!”

कुणी ‘व्हय’ म्हटलं नाही. म्हातारे, बाया, पोरं, सगळे गप्प उभे. मीही ओठ घट्ट मिटून घेतले.

“व्हय म्हाराजा!” बाई एकट्याच म्हणाल्या. हात जोडलेले, डोळे मिटलेले, अगदी मी शिकवलं होतं तसं स्वच्छ, खणखणीत.

त्यांनी डोळे उघडले. आपण एकट्याच बोललो हे त्यांच्या लक्षात आलं, आणि सगळी वस्ती आपल्याकडे बघतेय हेही. त्या कसंनुसं हसल्या, जुन्या सवयीने माझ्याकडे झुकल्या आणि हळूच म्हणाल्या, “काय म्हणाले गं काका?”

मी त्यांना अर्थ सांगितला नाही. मावशीच्या हातातली टोपली घेतली आणि तिच्या टेम्पोकडे चालायला लागले.